साहेबांच्या केबिनमधला समुद्र

मी एक काचेची टाकी बोलतेय. चार फूट लांब, दीड फूट रुंद, आणि डाव्या कोपऱ्यात एक तडा. आज माझ्यात पाण्याचा थेंब नाही, सुकट भरलेली आहे. हसू नका. एके काळी बोईसरच्या एका रंगाच्या कारखान्यात, मॅनेजर वेलणकरसाहेबांच्या केबिनमध्ये, येणारा-जाणारा माझ्यासमोर वाकत असे. वाकायचे सगळे माशांसाठी, पण ऐट मी मिरवून घ्यायची.

वेलणकरसाहेबांना माशांची हौस होती, असं कुणाला वाटेल. कसली हौस! त्यांना पापलेट आणि हलवा या दोन माशांतला फरक ताटात वाढल्यावरही कळत नसे. झालं होतं असं की, खाडीकाठच्या बायकांनी कारखान्याविरुद्ध तक्रार केली होती. तुमच्या पाइपातून येणाऱ्या पाण्याने खाडीतले मासे उलटे होऊन तरंगतात आणि कालवांना औषधाचा वास मारतो, अशी. मुंबईहून तपासनीस यायचे होते. तेव्हा साहेबांच्या डोक्यात कल्पना आली, समुद्राच्या पाण्यात प्रवाळातले नाजूक मासे पाळून दाखवायचे. ते जगले म्हणजे पाणी चांगलं, आणि बायका खोटारड्या.

मला घडवलं भिका काचवाल्याने, सत्त्याऐंशी साली. जन्मभर त्याने देवांच्या तसबिरी जडवल्या होत्या, पण माणूस शहाणा होता. "साहेब, लोखंडी चौकट नको. खारं पाणी लोखंडाला खातं," तो म्हणाला.

"मी केमिकल इंजिनियर आहे, भिका," साहेब म्हणाले.

पंधरा दिवसांत माझ्या चारी कोपऱ्यांतून गंजाचं तांबडं पाणी गळायला लागलं. भिकाने चौकट काढली आणि मुंबईहून आणलेल्या गोंदाने माझ्या काचा नुसत्याच जोडल्या. त्याच्या मिशीतलं हसू मात्र मी पाहिलं.

मग पाणी. साहेबांनी जेवणातलं मीठ कारखान्याच्या तराजूवर मोजून नळाच्या पाण्यात विरघळवलं. पुस्तकात लिहिलेलं प्रमाण अगदी बरोबर! मुंबईहून पिशवीतून आणलेले दोन पिवळे मासे, फुलपाखराएवढे, संध्याकाळपर्यंत आडवे झाले. दुकानदाराने आजारी माल दिला म्हणून साहेबांनी फोनवर आरडाओरडा केला. दुकानदार शांतपणे म्हणाला, "स्वयंपाकघरातल्या मिठाने समुद्र होत नाही, साहेब. तळाला शंखशिंपल्यांची वाळू घाला, हवेचा पंप लावा, धातूचा तुकडा आत जाऊ देऊ नका, आणि पाणी खरंखुरं समुद्राचंच आणा. दर आठवड्याला चौथा हिस्सा बदला."

साहेबांनी सगळं केलं. पाण्यासाठी जीप पाठवली, ती जवळच्या खाडीवर. दुसरी जोडी त्या पाण्यात सोडली आणि साहेबांनी चहा मागवला. चहा निवायच्या आत मासे गोल गोल फिरले, तोंडं वर काढून हवा गिळू लागले आणि थांबले.

साहेबांनी उठून केबिनचं दार लावलं. माझ्यासमोर येऊन उभे राहिले. मला वाटलं, आता यांच्या तोंडून एक तरी खरा शब्द निघेल. तर त्यांनी घंटी वाजवली आणि गेटवरच्या देवूला बोलावलं.

देवू खाडीकाठच्या दांडी गावचा. खाडीत काही मिळेनासं झालं तेव्हा त्याने जाळं आढ्याला टांगलं आणि त्याच कारखान्यात रखवालदारी धरली, तीही हंगामी. त्याचा भाऊ अजून बोट घेऊन बाहेर जायचा.

"देवू, स्वच्छ पाणी कुठे मिळेल?"

"लांब, साहेब. किनारा दिसायचा बंद होतो तिथं."

"आणशील? तुला पर्मनंट करतो."

देवूने मान हलवली. तेव्हापासून दर सोमवारी भावाची बोट प्यायच्या गोड्या पाण्याचे कॅन घेऊन बाहेर जायची आणि तेच कॅन खाऱ्या पाण्याने भरून आणायची. बंदरावर लोक पोट धरून हसत. समुद्रावर राहणारा माणूस समुद्राचं पाणी घरी वाहून आणतोय! देवूची बायको नर्मदा विचारायची, तर तो म्हणायचा, "साहेबाची हौस, दुसरं काय."

तिसरी जोडी जगली. काय त्यांचा थाट! लोडशेडिंग झालं की दोन शिपाई पाळीपाळीने हातपंपाने हवा मारत बसत. त्यांच्या खाण्यासाठी कोळंबी यायची ती लांबच्या एडवण गावाहून. दाराशी खाडी असताना! साहेब आल्या-गेल्याला सांगत, "पाहा, इथल्या समुद्राचं पाणी आहे." आणि मी, काचेची, सगळं आरपार दाखवणारी, त्या लबाडीचं भांडं होऊन बसले. मला माझीच शिसारी यायची.

तपासनीस आले त्या दिवशी तक्रार करणाऱ्या चार बायकांनाही केबिनमध्ये बोलावलं होतं. पुढे नर्मदा. तिच्या कडेवर खाडीच्या पाण्याची कळशी होती, पुरावा म्हणून आणलेली. देवू दाराशी, अंगावर कारखान्याचा गणवेश. नवरा-बायकोने एकमेकांकडे पाहिलं नाही.

तपासनिसांनी वही उघडली. साहेब माझ्यावर हात ठेवून उभे राहिले. "हे मासे जगातले नाजुकातले नाजूक. समोरच्याच समुद्राच्या पाण्यात तीन महिने मजेत आहेत. आता सांगा, खाडीतला दणकट मासा कसा मरेल? या बायकांना कुणीतरी शिकवलंय."

तपासनीस वाकले, मासे बघून खूश झाले आणि लिहायला लागले. आपला शब्द त्या वहीत बुडतोय, हे नर्मदेला समोर दिसत होतं. तो बुडाला असता, तर तिची कालवांची टोपली बाजारातून कायमची उठली असती. तिने माझ्याकडे पाहिलं. मग कोपऱ्यात रचलेल्या कॅनकडे, ज्यांच्या गळ्याला तिच्याच जुन्या लुगड्याची चिंधी बांधलेली होती. मग नवऱ्याकडे. देवूने मान खाली घातली.

नर्मदा ओरडली नाही. कळशी घेऊन माझ्यापाशी आली आणि गोड आवाजात म्हणाली, "मासे लय छान हायत, साहेब. पानी जरा कमी झालंय. भर घालू? ह्ये पन समोरचंच हाय."

तिने कळशी कलती केली मात्र, साहेबांनी झेप घेतली. दोन्ही हात माझ्यावर आडवे पसरून ते किंचाळले, "अगं ए, थांब! मरतील ते!"

तपासनिसांचं पेन थांबलं.

"का मरतील?" त्यांनी विचारलं.

साहेबांचे हात तसेच पसरलेले. दारातून देवूचा आवाज आला, "मी सांगतो, साहेब. टाकीतलं पानी मी लांबून आणतो."

नर्मदेने कळशी सरळ केली. एक थेंबही तिने माझ्यात पडू दिला नाही. माशांच्या जिवाची काळजी तिलाच होती.

त्या अहवालाने पाइप बंद झाला. किती दिवस, ते विचारू नका. सरकारी कुलपं आणि त्यांच्या किल्ल्या एकाच खिशात असतात. पण खाडीकाठच्या बायका खोटं बोलतात, असं पुन्हा कुणी लिहिलं नाही. देवूने गणवेश काढून ठेवला. पाणी आणणारं कुणी उरलं नाही, आणि ज्या हातांनी माशांसाठी झेप घेतली होती, त्यांनी एक कॅनसुद्धा उचलला नाही. नवव्या दिवशी मासे गेले. मला भंगारात फेकलं, तेव्हाचा हा तडा. देवूने खांद्यावर घेऊन घरी आणलं.

आता मी नर्मदेच्या ओटीवर असते. वर फळी, आत सुकट. मांजर काचेला नाक लावून बसतं. ते निदान आपल्याला काय हवंय हे लपवत नाही.

तुम्हाला एवढंच विनवते. उद्या कुणी साहेब काचेमागे पोहणारे मासे दाखवून पाणी स्वच्छ असल्याचं सांगू लागला, तर त्याच्याशी वाद घालू नका. खाडीवरून एक कळशी भरून आणा, कलती करा, आणि त्याच्या हातांकडे बघा.