नवीनच्या फळीची पिशवी

"ही पाहा, क्रिकेटच्या सामानाची हाय," दुकानदाराने एक लांबट बॅग काउंटरवर टाकली. "याच्याहून लांब तुमाले सगळ्या कारंज्यात भेटनार नाही."

निताने घरून मापाची सुतळी आणली होती. ती तिने बॅगेवर ताणून धरली. सुतळी वीतभर उरली.

"कमी पडते, काका."

"पन ठेवाचं काय हाय त्याच्यात? बंदूक?"

"फळी हाय," तिच्यामागून रतनसिंग म्हणाला. "बर्फावर घसराची. पोरगी काश्मीरले चालली, इमानात बसून."

"वा! आमी शेतातल्या चिखलात फुकट घसरतो, भाऊ." दुकानदार हसला. बापलेकीपैकी कोणी हसले नाही, तसा तो शिडी लावून माळ्यावर चढला.

फळी नवीनची होती. नवीन म्हणजे निताचा थोरला भाऊ. हॉटेलात भांडी घासायला म्हणून तो तांड्यातून काश्मीरला गेला. तिथल्या पोरांच्या नादाने संध्याकाळी बर्फावर घसरायला शिकला, आणि दोन हिवाळ्यांतच तिथे येणाऱ्या पाहुण्यांना शिकवू लागला. तांड्यात कोणाला हे खरेच वाटेना. फळीवर उभे राहायचे पैसे कोण देतो? मागच्या पौषात डोंगरावरून बर्फाचा कडा सुटला आणि नवीन त्याच्याखाली सापडला. त्याची फळी महिन्याभराने ट्रान्सपोर्टने घरी आली. आता नवीन जिथे शिकवी तिथूनच निताला शिकायला बोलावणे आले होते. गावी आला की नवीन तिला तांड्यामागच्या उतारावर पत्र्याच्या तुकड्यावर घसरायला शिकवी. तेवढ्या शिदोरीवर ती निघाली होती.

दुकानदार खाली उतरला तो एक काळी बॅग घेऊन. "डीजेवाल्यानं स्टँडसाठी मागवली होती, नेलीच नाही. आतून फोम हाय. पाहा बरं आता."

सुतळी बरोबर बसली. कापड जाड होते. निताने आत हात घालून टोके चाचपली. फळीच्या कडेला लोखंडाची धार असते, ती साधे कापड कापते. पाय अडकवायच्या पकडी वर आलेल्या असतात, त्या आपटून मोडतात. या बॅगेत दोन्ही सांभाळले गेले असते.

"हेच घेऊ, बा."

"अन् चेन पाहा," दुकानदार म्हणाला, "या टोकापासून त्या टोकापर्यंत." आणि त्याने ती सर्रकन ओढून दाखवली.

निताने वळून पाहिले तर रतनसिंग दुकानात नव्हता. तो रस्त्याच्या पलीकडे रसवंतीच्या बंद गाड्याला धरून उभा होता.

"काय झालं, बा?"

"ते नको."

"काहून? मापाची हाय."

"मापाचीच हाय. नवीन अशातच आला होता. असाच काळा रंग. साहेबानं चेन छातीपर्यंत ओढली अन् इचारलं, हाच हाय का? तू तवा याडीपाशी होती. तुले नाही मालूम."

निताने मापाची सुतळी गुंडाळून त्याच्या हातात दिली.

"मी शिवून देतो," रतनसिंग म्हणाला. "आपली हमाली कुठं गेली?"

उभा जन्म त्याचा कारंज्याच्या बाजारात पोती उचलण्यात आणि शिवण्यात गेला होता. फेकलेले पोते आधी कोपऱ्यावर पडते, हे त्याला कोणी सांगायला नको होते. त्याने ताडपत्री कापली आणि कोपरे दुहेरी केले. आत काय घालावे या विचारात तो बसला असताना निताची याडी, म्हणजे आई, रुपाबाई हिने नवीनची गोधडी त्याच्या पुढ्यात आणून ठेवली. नवीन गेल्यावर ही गोधडी कोणाला द्यायची म्हटले, तेव्हा तिने देऊ दिली नव्हती.

"हे घाल," ती म्हणाली. मग निताकडे न पाहता बोलली, "तुले जाचंच हाय, त जा. मी नाही अडवत. पन त्या फळीले हात लावाले मले सांगू नको."

निघायच्या पहाटे निता उठली तेव्हा फळी पिशवीत गेली होती, आणि पिशवीचे तोंड दाभणाने, सुतळीने, जवळ जवळ टाके घालून पक्के शिवलेले होते.

"बा, तोंड काहून शिवलं? तिथं उघडा म्हनतीन."

"कायले उघडतीन? सामान काय, हे त त्याईले वरूनच समजते. शिवलेलं पोतं सांडत नाही, बाई. उघडंच राहू देलं त अर्ध्या वाटेत सांडते." शिवल्याशिवाय पोते गाडीत चढत नाही, हा बाजाराचा नियम त्याने विमानालाही लावला होता. दारात रुपाबाई उभी होती, म्हणून निताने वाद वाढवला नाही.

नागपूरच्या विमानतळावर दारातल्या शिपायाने निताला आत सोडले आणि रतनसिंगला बाहेर थांबवले. तिकीट एकाचेच होते. तो काचेला लागून उभा राहिला. आत एका मुलीने पिशवीवर हात ठेवला, टाके पाहिले आणि मान हलवली. निता काहीतरी सांगत होती. मग दुसरा माणूस आला, त्यानेही मान हलवली. थोड्या वेळाने निता पिशवी ओढत दाराशी परत आली.

"उघडल्याबिगर घेत नाही म्हनते, बा. कातर, ब्लेड काहीच नाही त्याईच्यापाशी. लवकर कर."

रतनसिंग तिथेच फरशीवर बसला. दाभण घरी राहिले होते. त्याने पहिला टाका दातांनी तोडला, दुसरा नखाने उकलला. पक्का टाका घालण्यात त्याचा हात बसलेला होता, त्यामुळे सुटायला वेळ लागत होता. बोटाला रक्त आले. शिपाई जवळ आला. "बाबा, है क्या इसमें?"

रतनसिंगने तोंड मोकळे केले आणि फळी अर्धी बाहेर ओढली. वर दोन पायांच्या जागा झिजून पांढऱ्या पडल्या होत्या. त्याने त्यावर तळहात ठेवला.

"पाहून घ्या, साहेब. माह्या पोराची हाय."

शिपायाने वाकून पाहिले आणि दुसरीकडे तोंड केले.

आता बांधायला सुतळी धड उरली नव्हती. रतनसिंगने डोक्याचा दुपट्टा सोडला, त्याला पीळ दिला आणि पिशवीच्या तोंडाभोवती आवळला. "इकडं पाह्य. बैल खुट्याले बांधतो ना, तशी गाठ. घट्ट राह्यते, पन हे टोक ओढलं का सुटते. ओढ बरं."

निताने ओढले. गाठ सुटली.

"आता तू बांध." तिने बांधली. पहिल्यांदा चुकली. त्याने घाई केली नाही, तिची बोटे धरून पुन्हा दाखवली. दुसऱ्यांदा जमली. "हं. कोनालेबी उघडू दे. आपन पुन्हा बांधाची."

"येतो, बा."

"पोचली का याडीले फोन करजो. मले नाही, तिले."

दार आपोआप मिटले. पिशवी पट्ट्यावर चढून पडद्याआड जाईपर्यंत तो काचेपाशी उभा राहिला.

कारंज्याची एसटी भरलेली होती. रतनसिंगच्या वयाचा माणूस त्या भागात उघड्या डोक्याने फिरत नाही. तिरडीमागून चालतानाच तेवढा तो डोके उघडे ठेवतो. खिडकीपाशी बसलेल्या एका म्हाताऱ्याने त्याच्या पिकल्या केसांकडे पाहिले, बोटांवरच्या वाळलेल्या रक्ताकडे पाहिले, आणि कोण, कधी असे काहीही न विचारता उठून त्याला आपली जागा दिली.

असे काही नाही, हे सांगायला रतनसिंगने तोंड उघडले. मग नुसतीच मान हलवून तो बसला.

वर कुठेतरी विमानाचा आवाज झाला. तो खिडकीतून वाकून पाहत राहिला. गाडी सुटली.