सालीसकट

शेंगदाण्याची लाल साल चिमटीत सुटली, तव्याच्या धगीने कुरकुरीत झालेली, आणि साखरबाईने ती सवयीने फुंकून दिली… मग हात थांबला. सालीतच म्हणे गुण असतो. सकाळी ती एकटीच शिरूरला गेली तेव्हा डॉक्टरीणबाईंनी नवऱ्याचा, हौसरावांचा रिपोर्ट बघून विचारलं होतं, "यांचे शेंगदाणे कुणी बंद केले, आजी? मी तळलेलं बंद करा म्हणाले होते. मूठभर भाजलेले, बिनमिठाचे खाऊ द्या की. कोलेस्टेरॉलला चांगलेच ते. आणि साल काढू नका, अँटिऑक्सिडंट सालीतच जास्त. गोळी मात्र चालूच ठेवायची."

कुणी बंद केले! निमोण्याला येईपर्यंत एस.टी.च्या खडखडाटातही तिला तेवढंच ऐकू येत होतं. डबा तिनेच फळीवर, लोणच्याच्या बरणीमागे सारला होता. 'नवऱ्याला जपावं तर साखरबाईनं,' असं शेजारणी म्हणायच्या, आणि थकलेली बाकी हातात पडावी तसं ते कौतुक ती खाली मान घालून घ्यायची. "चार दाणं दे की गं," म्हणत हौसराव दारात घुटमळायचे. "कोलेस्ट्रॉल वाढंल ना अवं!" — काय शब्द होता! संसारात इतका वजनदार शब्द तिच्या वाट्याला कधी आलाच नव्हता.

आणि तेव्हा? तेव्हा ती पहिलटकरीण, सातवा महिना, खळ्यावर बायका बियाण्याच्या शेंगा फोडायला बसलेल्या. बियाणं तोंडात टाकायचं नाही हा नेम. रोजानं आलेल्या बायकांकडे काणाडोळा व्हायचा, घरच्या सुनेकडे नाही. तिने एकच दाणा गालात धरला होता — चावावा तर आवाज होईल, थुंकावा तर दिसेल… "तोंड उघड," हौसराव म्हणाले, सगळ्यांदेखत. तिने उघडलं. "खादाड हाय आमची," ते बाजारातून आणलेल्या गाईबद्दल बोलावं तसं बोलले, आणि बायका हसल्या. शेजारची धुरपदा तेवढी हसली नाही. तिची ती कीव अजून सलते.

"साखरे, भाजतीयास व्हय?" ओट्यावरून आवाज आला. नाक अजून तिखट आहे म्हाताऱ्याचं.

"कुटाला."

"डाक्टरीण काय म्हणली?"

"गोळी चालू ठिवा म्हणली." यात खोटं काय होतं?

"आन् शेंगदाण्याचं? इचारलंस का?"

तिने एक दाणा तोंडात टाकला — सालीसकट, बोलावं लागू नये म्हणून. साल टाळूला चिकटली, कडवट. एकदा रागावून म्हणा ना, आण तो डबा… म्हणा, म्हणजे मी सांगून टाकते, आणते, समोर ठेवते… रागावलेल्या माणसाला देता येतं.

"ऱ्हाऊ दे," बाहेरून हौसराव म्हणाले, अगदी नरम. "तू माझ्या भल्याचंच बघतीस, मला ठावं हाय."

दाणा गालातच राहिला. चावावा तर आवाज होईल, थुंकावा तर… बघायला इथे कोण होतं? तवा निवत चालला होता. तोंड उघड म्हणणारं आता कुणीच नव्हतं, आणि साखरबाईला ते उघडता येत नव्हतं.