धाकूची बोट

कौमुदीने बोट उभी केली. मागचा भाग फोमच्या खाचेत, टोक वर. मग दोन्ही हातांनी फोमचे तुकडे तिच्या कुशींत दाबत राहिली, ती हलायची थांबेपर्यंत. हातभर लांबीचं लाकडी तेलवाहू जहाज होतं ते. काळ्या रंगाचे पोपडे निघालेले, धुरांडं एका बाजूला किंचित कललेलं.

"अशी उभी?" फ्राऊ बेरेन्स म्हणाल्या. "जहाजं फक्त बुडताना अशी उभी राहतात."

"पन्नास मिनिटांचा प्रश्न आहे. ही गोल फिरणार आणि एक्स-रे एकाच बाजूने येणार. आडवी ठेवली तर फिरताना भिंतीला आपटेल."

फ्राऊ बेरेन्सनी खोक्याचं झाकण मात्र हातातून सोडलं नाही. ब्रेमेनजवळच्या एका गावातून येनापर्यंत ते खोकं त्यांनी मांडीवर आणलं होतं, दोनदा गाडी बदलून. पार्सलने का पाठवलं नाही, असं कौमुदीने स्टेशनवर विचारलं तेव्हा त्या म्हणाल्या होत्या, "आल्झो, पार्सलने मी चहाचे कपसुद्धा पाठवत नाही."

कौमुदीच्या प्रयोगशाळेतल्या स्कॅनरचं शिशाचं जड दार सरकलं. कौमुदीने बटण दाबलं. दाराशी तिचे वडील उभे होते, बुटांवर निळ्या पिशव्या चढवून. हरीश मेस्त, वय सत्तर, तीन महिन्यांसाठी लेकीकडे आलेले.

"सोळाशे फोटो निघतील, बाबा. मग त्यातून आतला प्रत्येक काप बघता येईल. बोट न फोडता."

"फोडायची नाहीच आहे," हरीश म्हणाले.

बोट फ्राऊ बेरेन्सच्या संग्रहालयातली. संग्रहालय म्हणजे जुन्या शाळेच्या दोन खोल्या. दुसऱ्या महायुद्धात त्या गावाबाहेर पकडलेल्या व्यापारी खलाशांची छावणी होती. तीस वर्षं बोटीखाली एक चिठ्ठी होती: "तेलवाहू जहाज हेल्गेवांग. नॉर्वेजियन खलाशाने छावणीत बनवलेली प्रतिकृती, १९४३." कौमुदीने बोटीचा फोटो संग्रहालयाच्या वेबसाइटवर पाहिला आणि जहाजाच्या नावापाशी थांबली. ते नाव तिला लहानपणापासून ठाऊक होतं. येत्या शुक्रवारी बोट नॉर्वेला जायची होती, त्याच चिठ्ठीसकट.

विजयदुर्गजवळच्या हरीशांच्या गावात कुणी थाप मारली की ऐकणारे म्हणतात, ही धाकूची बोट. धाकू मेस्त हरीशांचे आजोबा. बोटी बांधणारं घराणं, पण हे मुंबईला जाऊन आगबोटीवर मिस्त्री झाले. युद्ध संपल्यावर परत आले आणि सांगू लागले, मी जर्मनांच्या कैदेत होतो, तिथे माझ्या जहाजाची लाकडी बोट बांधली, शेतकऱ्याला दिली आणि बटाटे घेतले. गावाने हिशेब केला. जहाज नॉर्वेवाल्यांचं, तेल इराणचं, निघालं मुंबईहून, आणि माणूस जर्मनीत? चार वर्षं मुंबईतच कुणा बाईकडे राहिला असणार, असं ठरलं. आजीनेही शेवटपर्यंत तेच धरलं.

मशीन गुणगुणत होतं. फ्राऊ बेरेन्सनी थर्मासमधून तिघांना कॉफी ओतली.

"नॉर्वेची जहाजं तेव्हा जगभर होती," त्या म्हणाल्या. "देश आमच्या लोकांनी घेतला तरी जहाजं बाहेर होती, ती दोस्तांसाठी तेल वाहत राहिली. हेल्गेवांग एकेचाळीस साली हिंदी महासागरात सापडली. आमचं एक लढाऊ जहाज मालवाहूचं सोंग घेऊन फिरत होतं. दोन गोळे पुढ्यात पडले, संपलं. माणसं बोर्दोला उतरवली, तिथून रेल्वेने आमच्या गावी."

"आणि जहाज?" हरीशांनी विचारलं. कौमुदीने जर्मनमध्ये सांगितलं.

"नाव बदललं. दोन वर्षं आमच्यासाठी तेल वाहिलं. मग बिस्केच्या उपसागरात विमानांनी बुडवलं. घरी कधी गेलंच नाही." त्यांनी कप खाली ठेवला. "नॉर्वेवाल्यांकडे यादी आहे. एकोणचाळीस माणसं. सतरा नावं, गाव आणि जन्मतारखेसकट. मग एकच ओळ. भारतीय, बावीस."

"नावं?"

"एकही नाही."

पन्नास मिनिटांनी पडद्यावर पहिला काप उमटला. धातू असेल तिथे पांढरा ठिपका दिसेल, कौमुदीने सांगितलं.

"डोलकाठीच्या बुडाशी बघ," हरीश म्हणाले. "ती उभी करताना खाली एक आणा ठेवला, असं ते सांगायचे. नागमोडी काठाचा असायचा तेव्हा. ओळखू येईल."

कौमुदी डोलकाठीवरून खाली सरकत गेली. धुरांड्यात चार खिळे चकाकले. डोलकाठीखाली लाकूड होतं, त्याखाली पोकळी आणि मग पुन्हा लाकूड. ती परत वर गेली, परत खाली आली. उजेड वाढवला. आणा नव्हता.

"काठीखाली नाणं नॉर्वेचे लोकही ठेवतात," फ्राऊ बेरेन्स हळूच म्हणाल्या. "असतं तरी मी साल विचारलं असतं."

हरीशांनी चष्मा काढला आणि स्वेटरच्या कडेने पुसला. पुसून झाला तरी पुसत राहिले.

"कॉलेजातले मित्र घरी आले होते," ते कौमुदीला म्हणाले. "आजोबा ओटीवर बसून गोष्ट सांगत आण्यापर्यंत आले, आणि मी म्हटलं, आजोबा, पुरे आता. सगळे हसले. तेही हसले. नंतर त्यांनी ती गोष्ट काढली नाही. पाच वर्षं जगले त्यानंतर." चष्मा त्यांनी डोळ्यांवर चढवला. "चल, बंद कर. बाईंची गाडी चुकेल."

"बाबा, एक मिनिट बसा."

"अगं, नाही तर नाही. तुझा डेटाच सांगतोय ना?"

"तोच बघतेय."

ती डोलकाठी सोडून जहाजाच्या कुशीकडे गेली होती. पडद्यावर लाकडाचा काप होता आणि त्यात बारीक रेषा, एकाखाली एक.

"फ्राऊ बेरेन्स, तुमच्याकडच्या बाकीच्या बोटी कशा आहेत?"

"ठोकळ्यातून कोरलेल्या. छावणीत सगळे कोरायचे. सोपं पडतं."

"ही कोरलेली नाही. फळ्या जोडल्यात. प्रत्येक फळीच्या कडेला खाच, दुसरीची कड तिच्यात बसवलेली. आणि खाचेत काहीतरी तंतूसारखं आहे."

हरीश उठून पडद्याजवळ आले. "कापूस," ते म्हणाले. "डांबरात भिजवून घालतात. पाणी येऊ नये म्हणून." मग पडद्याकडे वाकून, "कपाटातल्या बोटीत कुठलं पाणी येणार होतं?"

कौमुदी तळाशी गेली. बाहेरून जहाजाचा तळ सपाट होता, तेलवाहू जहाजाचा असतो तसा. कापात मात्र त्या सपाट फळीच्या आत दुसराच तळ दिसत होता, दोन्हीकडून खाली उतरत आलेला, आणि मधोमध अखंड कणा.

"आपल्या कोकणातला शिडाचा मचवा आहे हा," हरीश म्हणाले. "आधी मचवा बांधलाय. मग खालून फळी मारून, वर धुरांडं लावून त्याचं जहाज केलंय." त्यांना हसू आलं. "दुसरं येतच नव्हतं त्यांना."

कौमुदीने ते सगळं सांगितलं. फ्राऊ बेरेन्स पडद्याजवळ सरकल्या.

"सुंदर आहे," त्या म्हणाल्या. "पण नॉर्वेतही बोटी बांधणारी घराणी होती. माझं काम नाही म्हणण्याचं आहे, हो ना?"

"बरोबर आहे त्यांचं," हरीश म्हणाले. कौमुदीला वाटलं ते आता पुन्हा चष्मा काढतील. पण त्यांनी विचारलं, "मागचा भाग तू बघितलास?"

"अजून नाही. फोममुळे तो संगणकावर वेगळा काढावा लागेल."

"मग थांब. काढू नकोस. कागद दे."

पाठ करून ते टेबलावर वाकले, दोन-चार रेघा मारल्या, कागदाची चार पदरी घडी केली आणि फ्राऊ बेरेन्सच्या हातात दिली. "हिला दाखवू नका. हिने मागचा भाग काढला की मगच उघडा."

"हे कुठे शिकलात?" कौमुदीने विचारलं.

"पस्तीस वर्षं इन्स्पेक्शनला होतो मी पिंपरीच्या कारखान्यात. ऑपरेटरला आधी उत्तर सांगितलं की तो तेच मोजतो."

मागचा भाग यायला दहा मिनिटं लागली. फळ्यांची टोकं जिथे संपत होती तिथे लाकडी खुंट्या ठोकल्या होत्या, फळीपेक्षा कठीण लाकडाच्या, त्यामुळे कापात उजळ. जवळजवळ प्रत्येक टोकाला तीन. दोन एकमेकींना खेटून, तिसरी डावीकडे, जरा खाली, एकटी. कौमुदीने टोकं मोजली. अकरा. दहा टोकांत तीन खुंट्या होत्या, एकात दोनच. ते एक तिने वहीत वेगळं लिहिलं.

फ्राऊ बेरेन्सनी घडी उलगडली. कागदावर एक फळी होती आणि तीन ठिपके. त्यांनी कागद पडद्याला लावला. दोन खेटून, एक डावीकडे खाली.

"हे कशावरून काढलंत?" फ्राऊ बेरेन्सनी विचारलं.

"गावच्या घरी आजोबांनी केलेली पेटी आहे. तिच्या तळाला अशाच आहेत. इतर सुतार तिन्ही ओळीत ठोकतात. हे डावरे होते, तिसरी त्यांना तिथेच सोयीची पडायची."

"नुसत्या आठवणी तर माझ्याकडे रोज येतात, हेर मेस्त. पेटी बघायला मिळेल?"

गावच्या घरी चुलत पुतण्या सिद्धेश राहतो. हरीशांनी फोन स्पीकरवर टाकला.

"काका, पेटयेत ताडपत्री आणि पावसाळी सामान असा," सिद्धेश म्हणाला. "उलटी करूक चार माणसां होयी. कशाक ता?"

"तळाचा फोटो हवाय. पट्टी ठेवून काढ. धाकू आजोबांची बोट सापडली."

पलीकडे हसणं, आणि कुणाला तरी हाक मारून पुन्हा हसणं.

"जर्मनीत?"

"जर्मनीत."

"बरा तर. उलटी करतंय."

फोटो यायला अर्धा तास लागला. त्यात सिद्धेशचा पाय होता, ताडपत्रीचा कोपरा होता आणि पेटीचा तळ. दोन खुंट्या खेटून. तिसरी डावीकडे, खाली. कौमुदीने अंतरं मोजली आणि फळीच्या रुंदीने भागली. बोटीवर आणि पेटीवर गुणोत्तर जवळजवळ तेच आलं. तिने दुसऱ्यांदा मोजलं, मग त्या दोघांना नीट दिसावं म्हणून खुर्ची मागे सरकवली.

फ्राऊ बेरेन्सनी पडदा बघितला, फोन बघितला. मग उठल्या आणि हात पुढे केला.

"हेर मेस्त. तुमच्या आजोबांची बोट."

हरीशांनी तो हात दोन्ही हातांत धरला. मग त्यांनी टेबलावर थाप मारली, कॉफीचे कप उडाले, आणि ते इतक्या मोठ्याने हसले की शेजारच्या खोलीतला माणूस दारातून डोकावला.

"बांधली होती," त्यालाही त्यांनी मराठीतच सांगितलं. "म्हाताऱ्याने बांधली होती."

"आणि आणा?" कौमुदीने विचारलं.

"आणा थाप. कैद्याकडे कुठला आणा? गोष्टीत थोडं असं लागतंच."

बोट आडवी करून पुन्हा टेबलावर ठेवली तेव्हा फ्राऊ बेरेन्स खाली बसल्या नाहीत. "अजून नॉर्वेच्या कागदांवर सही झालेली नाही," त्या म्हणाल्या. "या मोजमापांवर मी आमच्या गावच्या प्रशासनाकडे ती परत देण्याची मागणी करू शकते. बोट कुटुंबाची आहे. हवी असेल तर मी स्वतः फ्रँकफर्टच्या विमानतळावर आणून देईन."

कौमुदीने ते सावकाश मराठीत सांगितलं. हरीश बोटीकडे बघत होते. त्यांच्या गावच्या देवळासमोर एक चौथरा आहे, तिथे संध्याकाळी माणसं बसतात. त्यांनी तळहात टेबलावर पसरला, चौथऱ्यावर एवढी जागा लागेल असं मोजल्यासारखा.

"नॉर्वेत कुठे ठेवणार होते?"

"एका बेटावर. कप्तान आणि सहा खलाशी तिथलेच. बंदरावरचं घर आहे, खिडकीतून पाणी दिसतं. बाजूला ती यादी लावतील."

"यादीत धाकू मेस्त लिहितील?"

"लिहावंच लागेल. त्याशिवाय मी देणार नाही."

हरीशांनी बोटीच्या टोकावर बोट फिरवलं. रंगाचा एक पोपडा निघाला, तो त्यांनी उचलून फ्राऊ बेरेन्सच्या खोक्यात ठेवला.

"मग जाऊ दे तिला तिच्या बंदरात. फक्त त्या नावाखाली बाकीच्यांसाठी एकवीस ओळी मोकळ्या ठेवायला सांगा. आकडे घालून."

कौमुदीने वडिलांकडे बघितलं, मग भाषांतर केलं.

"गेनाऊ, अगदी तसंच," फ्राऊ बेरेन्स म्हणाल्या आणि पर्समधून वही काढली.

स्टेशनपर्यंत खोकं हरीशांनी उचललं, कुणाला हात लावू दिला नाही. गाडी आल्यावर ते आधी डब्यात चढले, फ्राऊ बेरेन्स खिडकीशी बसल्यावर खोकं त्यांच्या मांडीवर ठेवलं, आणि उतरले. गाडी सुटली. फलाटावर फोन वाजला. सिद्धेशचा निरोप होता: "काका, देवळाकडे सगळ्यांका फोटो दाखवलंय. कोणाकच पटणा नाय. बोट घेवन येवा."

पन्नास वर्षं पुण्यात राहून हरीशांची बोली सुटली होती. गावाकडचे फोनही ते पुण्याच्या मराठीतच करत. त्यांनी हातमोजा काढला आणि एकेक अक्षर शोधत टाईप केलं:

"बोट नॉर्वेक चालली. पोचली काय कळवतंय."