साडेसहा तासांतल्या चार टाळ्या

मी विधानसभेच्या कामकाजाची चित्रफीत बोलतेय. लांबी साडेसहा तास. दचकू नका, एवढं कुणीच बघत नाही. नागपूरच्या हिवाळी अधिवेशनात माझा जन्म झाला आणि लगेच मला इंटरनेटवरच्या संग्रहात ठेवून दिलं. बघायला पैसे नाहीत, ओळख लागत नाही. तरी दोन वर्षांत मला जेमतेम चौदा जणांनी उघडलं, तेही बहुतेक पाच मिनिटांत पळाले.

मी मात्र सगळं जपलंय. गोंधळ, सभात्याग, मागच्या बाकांवरच्या जांभया आणि भर सभागृहात दिलेले शब्द. देताना किती ठासून देतात हो!

मग एके दिवशी श्रेयानं मला उघडलं. फर्दापूरजवळच्या एका वस्तीवरची नववीतली पोर. शाळा ओढ्यापलीकडे. ओढ्याला पाणी आलं की शाळा बुडायची. गेल्या पावसाळ्यात बावीस दिवस बुडाली. वडिलांनी तर ठरवलंच होतं, यंदा तिचं शाळेतून नाव काढायचं.

तिचे आजोबा कारभारी मात्र सांगत होते, मंत्र्यांनी ओढ्यावर साकव, म्हणजे छोटा पूल, कबूल केलाय. आमदारांकडून मिळालेल्या एकुलत्या एका पासवर ते त्या दिवशी प्रेक्षक गॅलरीत बसले होते. पण संभाजीनगरच्या बांधकाम खात्याच्या कचेरीतले साहेब म्हणाले, "असं आश्वासन आमच्याकडे नोंदलेलं नाही." वस्तीवरही लोक हसले, म्हातारा तिथं झोपला असेल म्हणून.

"आगं, झोपंल कसा? लई आनंद झाला, टाळ्या वाजिवल्या, म्हून तर मला भायेर काढलं!" कारभारी नातीला म्हणाले.

गॅलरीत टाळ्या वाजवायच्या नसतात, हा सभागृहाचा नियम. बिचाऱ्यांना तो ठाऊक नव्हता. पण श्रेयाला खूण मिळाली. पासवरच्या तारखेवरून तिनं मला शोधलं आणि तीन दिवस हेडफोन लावून फक्त टाळ्यांची वाट बघत बसली. चौथ्या तासाला मंत्री म्हणाले, "या वस्तीचा साकव पुढच्या वर्षी पूर्ण करू." लगेच वरून चार टाळ्या, एकट्या माणसाच्या. मग अध्यक्षांचा आवाज, "गॅलरीत टाळ्या वाजवू नका." श्रेया किंचाळलीच! खरं सांगते, मलाही भरून आलं.

आजोबा-नात कचेरीत गेले. श्रेयानं फोन टेबलावर ठेवून मला सुरू केलं. साहेबांनी एकदा ऐकलं, दोनदा ऐकलं, चष्मा काढला.

"हे कुठून आणलंत?"

"आणलं नाय सायेब, सगळ्यांसाठी ठिवलेलंच हाय," श्रेया म्हणाली.

त्याच दुपारी फाईल हलली. उन्हाळ्यात साकव उभा राहिला, दोन्ही बाजूंना चांगले छातीइतके कठडे. नारळ फोडण्याआधी मला स्पीकरवर लावलं होतं. मंत्र्यांचं वाक्य आलं तशी सगळी वस्ती उभी राहिली. माझा रुबाब काय सांगू!

संग्रहात माझ्यासारख्या हजारो आहेत. कुणाच्या पाण्याचा, कुणाच्या दवाखान्याचा शब्द पोटात घेऊन गप्प पडल्यात. त्यांना उघडा हो. शब्द देणारे विसरतील, आम्ही नाही विसरत.

परवा ओढा दुथडी भरून वाहत होता. श्रेयाचे वडील तिचं दप्तर खांद्याला लावून साकवाच्या मधोमध थांबले. खालचं पाणी बघितलं, दप्तर तिच्या हातात दिलं आणि म्हणाले, "पळ आता, घंटा व्हईल."