भीमेच्या वाळूवर पट्टा

गेणबा वस्तादांच्या तालमीत सावळाराम चौदा वर्षं होता, आणि त्या चौदा वर्षांत त्याचं मोठं काम एकच, हलायचं नाही.

बारामतीत कऱ्हेच्या काठाला ही तालीम. कुस्तीची लाल माती तिथंही होती, पण वस्तादांचं नाव झालं होतं ते पट्ट्यानं. कोपरापर्यंत हात लोखंडी खोबळ्यात घालायचा आणि पुढचं दोन-अडीच हातांचं लवलवतं पातं अंगाभोवती असं फिरवायचं, की बघणाऱ्याला पातं दिसू नये, नुसता उजेड दिसावा. जत्रेत शेवटचा खेळ लिंबाचा. सावळाराम उघड्या तळहातावर लिंबू ठेवून उभा राहायचा. वस्ताद पैतरे घेत यायचे, कानाशी वाऱ्याची शीळ वाजायची, आणि लिंबाच्या दोन फोडी हातावर निवांत पडलेल्या असायच्या. तळव्याला साधा ओरखडा नाही. सावळाराम तेवढा वेळ डोळे मिटून घ्यायचा. पातं बघितलंस तर हात हलंल, असं वस्तादांनीच त्याला पहिल्या वर्षी सांगितलं होतं. मिटल्या डोळ्यांआड त्याला आपल्या गावची, शेळगावची विहीर दिसायची, काळ्या पाण्यावर हलणारं उन्हाचं जाळं दिसायचं. शीळ आली आणि गेली, की तो तिथून परत यायचा. अशी चौदा वर्षं एका लांबलचक दुपारसारखी निघून गेली. तो तिशीला आला.

तेहतीस सालच्या दिवाळीत, पहाटे कऱ्हेवर धुकं दाटलेलं असताना, त्यानं वस्तादांना मलखांबाशी बोलताना पाहिलं. “सावळा, तेल आण,” ते खांबाला म्हणाले आणि उत्तराची वाट बघत राहिले. सावळाराम मागं दोन पावलांवर होता. त्यानं आवाज न करता तेल आणून त्यांच्या हातात दिलं. मग हळूहळू त्याच्या ध्यानात येत गेलं. वस्ताद चौकटीला बोटं लावून आत येत, पैलवानांना आवाजावरून ओळखत. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू उतरला होता, आणि तालमीत कुणालाच ते ठाऊक नव्हतं.

पौषात एका सकाळी लिंबाचा सराव चालला होता. शीळ नेहमीसारखी आली, गेली. डोळे उघडले तर फोडी हातावर होत्या आणि त्यांच्याखाली केसासारखी बारीक रेघ होती. रेघेतून रक्त यायला जरा वेळ लागला.

“झालं का?” वस्तादांनी विचारलं.

“झालं,” म्हणत त्यानं मूठ मिटली.

त्या दिवसापासून त्याचं चित्त तालमीत लागेना. बोलावं तर वस्तादांचा पट्टा कायमचा खुंटीला लागणार. गप्प राहावं तर आज ना उद्या हात जाणार. आणि मुकाट्यानं निघून जावं, तर लिंबू धरायला सिद्धू टपलेलाच होता. सिद्धू काटेवाडीचा धिप्पाड गडी, वस्तादांवर जीव टाकणारा. त्याला काही म्हणता काही माहीत नव्हतं.

अशात इंदापूरहून दत्तोपंतांचं पत्र आलं. दत्तोपंत तिथल्या शाळेचे मास्तर. त्यांनी गावात नवी व्यायामशाळा काढली होती आणि लाठी-लेझीम शिकवायला त्यांना माणूस हवा होता. सावळारामनं वस्तादांकडं चार दिवसांची रजा मागितली. आईला बघून येतो, एवढंच सांगितलं. वस्ताद म्हणाले, जा, आणि तिकडूनच शिवरात्रीला परस्पर पळसदेवच्या जत्रेला ये.

तो कालव्याच्या कडेनं चालत निघाला. काटेवाडीच्या पुढं उसाचे मळे लागले. पाणी त्याच्याबरोबर चालत होतं, कधी जरा पुढं, कधी जरा मागं. दुपारी तो एका बाभळीखाली टेकला आणि डोळा लागला. झोपेतही तो चालतच होता, फक्त बाजूच्या पाण्याला शीळ येत होती. जागा झाला तेव्हा ऊन कलंडलं होतं. लांब ज्वारीच्या रानापलीकडं नव्या साखर कारखान्याची चिमणी उभी राहत होती. अर्धवट झोपेत त्याला वाटलं, कुणीतरी आभाळाला टेकू देतंय.

शेळगावात ठमाबाईनं, त्याच्या आईनं, भाकरी वाढताना त्याचा हात धरला. उजेडाकडं वळवला.

“कशानं कापलं?”

“इळ्यानं.”

“इळा आसा सरळ जात न्हाय,” ती म्हणाली, आणि पुढं काही न विचारता तिनं ताटात भाजी वाढली. तो खाली मान घालून जेवला.

दुसऱ्या दिवशी इंदापुरात दत्तोपंतांनी त्याला व्यायामशाळा दाखवली. चुना लावलेल्या स्वच्छ भिंती, खिडक्यांतून मोकळा उजेड, कोपऱ्यात रचलेल्या नव्या लाठ्या. पोरं रांगेत उभी राहिली होती. दत्तोपंत आपुलकीनं बोलत होते, त्याला अहो-जाहो करत होते. तिथं कुणालाच अंधारात चाचपडावं लागणार नव्हतं. चैत्रापासून येतो, असा शब्द सावळारामनं दिला. शब्द देताना आपण दुसऱ्याच कुणाच्या तरी तोंडून बोलतोय असं त्याला वाटलं, पण मन हलकं झालं एवढं खरं.

शिवरात्रीला तो पळसदेवला पोचला तेव्हा दुपार टळली होती. भीमेच्या काठी पळसनाथाचं दगडी देऊळ, खाली नदीचं पांढरं वाळवंट, आणि त्यात माणसांचं मोठं कडं धरलेलं. हलगी कडाडत होती. वाट काढत तो पुढं गेला आणि जागीच थबकला. कड्याच्या मधोमध सिद्धू हात पुढं करून उभा होता. हातावर लिंबू होतं. त्यानं डोळे मिटले होते आणि चेहऱ्यावर हसू होतं.

समोर पंधरा पावलांवर वस्ताद खोबळ्यात हात घालत होते.

सावळाराम धावला नाही. धावला असता तर लोकांना कळलं असतं. तो चालत गेला, सिद्धूच्या हातावरचं लिंबू उचललं, त्याला बाजूला हो म्हणाला, आणि तसाच पुढं वस्तादांपर्यंत गेला. हलगीच्या गलक्यात दोघांचं बोलणं तिसऱ्याला ऐकू जाणार नव्हतं.

“वस्ताद, थांबा. तुमास्नी दिसत न्हाय.”

म्हाताऱ्यानं मान तिरकी केली. “सावळा व्हय?”

“व्हय.”

“पुसात हात कापला, तवा झालं म्हणालास.”

सावळारामनं कापलेला हात पाठीमागं नेला.

“रगताचा वास आला हुता मला,” वस्ताद म्हणाले. “दोन म्हैनं वाट बघतुया, तू कवा बोलशील. माझ्या तोंडातनं त्ये निघत न्हवतं. आज ह्या पोराचा हात गेला आसता, तरीबी निघालं नसतं.” हलगी वाजतच होती. “लिंबू टाक. मानसं मागं सार, ईस पावलं. एकालाबी म्होरं यिऊ दिऊ नगंस.”

त्यानं कडं मागं सारलं आणि स्वतः लोकांत जाऊन उभा राहिला. मग वस्तादांनी पट्टा उचलला.

चौदा वर्षांत सावळारामनं हे कधी पाहिलं नव्हतं. पात्याच्या खाली उभा राहणारा माणूस तो, डोळे मिटणारा. आज डोळे उघडे होते. पहिले पैतरे सावकाश पडले, पाऊस यायच्या आधी झाडं हलतात तसे. मग पातं वेग धरत गेलं आणि दिसेनासं झालं. उरला एक झळाळ. म्हातारा त्या झळाळाच्या आत बसल्यासारखा, उठल्यासारखा, तरंगल्यासारखा दिसायचा. हलगीवाल्याचा हात आपोआप थांबला. आता फक्त वाऱ्याची शीळ होती आणि मागं नदी होती. कलत्या उन्हात वाळू सोन्यासारखी झाली होती. केवढा वेळ गेला ते कुणाला सांगता आलं नसतं. वस्ताद थांबले आणि एकदम गजर झाला. हा माणूस आंधळा आहे हे त्या जत्रेत दोघांनाच माहीत होतं.

माणसं पांगली. वस्ताद देवळाच्या पायरीवर बसले. सावळाराम वाळवंटात गेला. वाळूत वस्तादांच्या पावलांचे ठसे उमटले होते, एकात एक गुंतलेले, रांगोळीसारखे, आणि कुठंही एक पाऊल दुसऱ्यावर पडलेलं नव्हतं. त्यानं आपला पाय एका ठशात ठेवला. मग दुसरा. तिसऱ्या ठशाला त्याचा तोल गेला. आपण एवढ्या वर्षांत उभं राहायला शिकलो, असं त्याच्या मनात आलं, चालायचं अजून राहिलंच आहे.

त्यानं पायरीपाशी येऊन सगळं सांगितलं. इंदापूर, दत्तोपंत, दिलेला शब्द. आणि आता जायचं मन नाही, हेही सांगितलं.

वस्ताद लगेच खूश झाले नाहीत. “शबुद मोडायचा म्हंजी तितं जाऊन, तोंडावर सांगून मोडायचा,” ते म्हणाले. “कागद लिवायचा न्हाय.”

तो गेला. दत्तोपंतांना राग आला, आणि तो यायलाच हवा होता. सावळारामनं तो उभ्यानं ऐकून घेतला. पुढं चार वर्षं वस्ताद तालमीत भिंतीशी उन्हात बसून, पट्टा शिकताना पडणाऱ्या त्याच्या पावलांचे आवाज ऐकत राहिले आणि चुकलेलं पाऊल बोट उचलून दाखवत राहिले. त्यांना दिसत नाही हे तोवर सगळ्यांना कळलं होतं, आणि कळून कुणाचं काही बिघडलं नाही. लिंबाचा खेळ मात्र त्या तालमीनं पुन्हा केला नाही.

पण हे सगळं नंतरचं. त्या दिवशी सांजेला बैलगाडी पळसदेवहून निघाली. सिद्धू पुढं कासरा धरून बसला होता. एवढी जत्रा झाली आणि आपलं लिंबू का काढून घेतलं, हे त्याला अजून उमगलं नव्हतं, म्हणून तो फुरंगटला होता. मागं गवतावर वस्ताद आणि सावळाराम. गाडी बराच वेळ नदीच्या कडेनं चालली.

“भीमा कशी हाय रं?” वस्तादांनी विचारलं.

पाणी चांगलं भरलंय, असं सांगावं, म्हाताऱ्याला बरं वाटेल, हे त्याच्या ओठांपर्यंत आलं होतं.

“आटलीया,” तो म्हणाला. “मधी खडक उघडं पडल्यात. एक बगळा हाय.”

“काय करतुया?”

“काय न्हाय. हुबा हाय.”

वस्तादांनी मान डोलावली आणि आणखी सांग, असं हातानं खुणावलं. सावळाराम सांगत राहिला. पलीकडच्या काठाला धूर दिसतोय. दोन बाया घागरी घेऊन वर चढतायत. एकीचं लुगडं हिरवं हाय, दुसरीचं न्हाय वळखू येत, उजेड गेला.