एका प्रश्नाची वीज

"हे कोनं मोजलं?" केवळरामने विचारले.

"शास्त्रज्ञायनं, बाबा," मंजू म्हणाली.

"मीटर पाहून?"

 मुर्री गावातल्या घराच्या ओसरीवर मंजूने कॉलेजच्या प्रदर्शनाचा तक्ता पसरला होता. त्यावर लाल अक्षरांत लिहिले होते: इंटरनेटवर एकदा शोधण्यापेक्षा एआयला एक प्रश्न विचारायला दहापट वीज लागते. केवळराम तीस वर्षे घरोघरचे वीजमीटर वाचत आला होता. प्रश्नालाही वीज लागते, हे त्याला आजच कळत होते.

"फोनची बॅटरी, तेवढीच ना?"

"नाही वो. दूर मोठमोठ्या मशिनी चालू राह्यतात. आपन विचारलं का त्या करंट खाऊन उत्तर देतात."

"माह्या एकट्यासाठी?" त्याचा आवाज आपोआप हळू झाला. "किती लागते?"

"एका शोधाले आपला हा नऊ वॅटचा बल्ब दोन मिनिटं जळंल इतकी. एआयले आधी वीस मिनिटं म्हनत. आता नवे अंदाज म्हनतात, साध्या प्रश्नाले त्यालेही दोनच."

"मंग दहापटच काऊन लिवलं?"

"सरायनं सांगतलं. आकडा मोठा असला का बक्षीस भेटते."

केवळरामने तक्ता जवळ ओढला. मग म्हणाला, "दरेकश्याकडं एका म्हातारीचं घर होतं. चढ चढायचा कंटाळा आला म्हनून दोन महिने अंदाजानं आकडा टाकला मी. तिसऱ्या महिन्यात गेलो, तं बल्ब कधीचाच फुटलेला. अंधारात बसून बिल भरून राह्यली होती ते. मले म्हने, या बापू, पानी प्या." त्याने तोंड फिरवले. "अंदाज असंल तं अंदाजच लिव, बाई."

प्रदर्शनात मंजूच्या नव्या तक्त्यावर होते: एआयच्या एका प्रश्नाची वीज म्हणजे नऊ वॅटचा बल्ब दोन ते वीस मिनिटे. हे अंदाज आहेत, आम्ही मोजलेले नाही.

"ये क्या, उत्तरच नाही?" दहापट लिहायला सांगणारे उमेंद्र सर चिडले.

"आपल्याकडं मीटर नाही, सर," ती म्हणाली. तक्ता तिने हलवला नाही. बक्षीस शेजारच्या टेबलाला गेले.

दुपारी केवळराम ड्युटीवरून तसाच प्रदर्शनात आला. मंजूने एआय उघडून फोन पुढे केला. "तुम्ही विचारा ना काही."

"उगाच करंट कायले जाळायचा?"

"एकच, बाबा."

त्याने विचार केला. मग चपला काढून बाजूला ठेवल्या, फोन दोन्ही हातांत धरला आणि हळूच विचारले, "तुमी थकत नाही का?"

क्षणात पडदा अक्षरांनी भरला. केवळरामचे डोळे विस्फारले. मागे फोनवर प्रश्न विचारायला आलेल्या पोरांची रांग वाढत होती, कोणीतरी "अंकल, जल्दी" म्हणाले. त्याने चष्मा लावला आणि प्रत्येक ओळीखाली बोट फिरवत शेवटच्या शब्दापर्यंत उत्तर वाचले.