आत्याची तीन वर्षं

"कॉम्प्युटरबाई, राग मानू नका," वाचनवर्गाच्या बाई काउंटरवर हात टेकून म्हणाल्या, "पण तुमच्या आत्यांनी आम्हाला फसवलं."

ग्रंथालयातल्या लेखनिकेने हातातलं पुस्तक मिटलं. "आता काय केलं तिने?"

"तीन वर्षं शाळेत गेले, असं फॉर्ममध्ये भरलंय. म्हणून मी त्यांना जोडाक्षरांच्या गटात बसवलं. काल वाचायला सांगितलं, तर म्हणे चष्मा घरी राहिला. चष्मा नाकावर होता हो! बायका खो खो हसल्या. या पिशवी उचलून चालत्या झाल्या. अहो, त्यांना 'क'सुद्धा येत नाही. पहिल्या गटात घेतलं असतं की मी, अगदी आनंदाने."

लेखनिकेचे कान तापले. वाचनवर्गाच्या नावनोंदणीचा तो फॉर्म तिनेच बनवला होता. पंचेचाळिशी उलटल्यावर, व्हिडिओ बघत, चुकतमाकत ती वेबपानं बनवायला शिकली होती आणि भेटेल त्याला ते ऐकवत होती. 'शाळेत किती वर्षं गेलात?' या रकान्यावर तर तिचा विशेष जीव. तिथे फक्त पूर्ण आकडा चालायचा. अडीच टाका, उणे चार टाका, रकाना रिकामा सोडा, भरणाऱ्याच्याच फोनवर फॉर्म जागीच अडायचा आणि लाल अक्षरांत बजावायचा, 'कृपया खरा आकडा भरा!' शेवटचं उद्गारचिन्ह तिला फार आवडलं होतं.

संध्याकाळी ती तडक आत्याच्या शिवणाच्या दुकानात गेली. आत्या कुणाच्या तरी कोटाची बाही उसवत बसली होती.

"आत्या, तीन वर्षं कुठून आणलीस गं? उरलेल्या कापडातून काढलीस का?"

आत्या टाके उसवत राहिली.

"तिथे सगळे मला ओळखतात. माझी मान खाली गेली. शून्य लिहायला काय झालं होतं? या वयात कसली एवढी फुशारकी?"

"शून्यच लिहिलं होतं," आत्या म्हणाली.

अक्षरांशी तिचं वैर असलं, तरी टेपवरचे आकडे चाळीस वर्षं तिच्या बोटांखालचे. "बाकीचं एका गिऱ्हाईकबाईने भरलं. म्हटलं, हा आकडा मी टाकते, मला येतो. टाकला, तर खाली लाल काहीतरी उमटलं. म्हटलं, काय लिहिलंय? ती मोठ्याने वाचते, खरा आकडा भरा. परत टाकला, परत तेच. दुकानात चार जणी उभ्या. एक म्हणाली, काकू, खरं सांगून टाका, यंत्राला सगळं कळतं. मग तीन टाकला. मुकाट घेतला." दोरा तोडून ती म्हणाली, "मला वाटलं, कोऱ्या पाटीची बाई तुम्हाला नको असेल. तूच तसं ठेवलं असशील."

लेखनिकेने तिथेच, चिंध्यांच्या ढिगावर बसून पिशवीतला लॅपटॉप उघडला. चूक एका ओळीत होती. आकडा नसेल तर अडव, असं तिने लिहिलं होतं. आणि तसं लिहिलं की संगणकाच्या लेखी शून्य म्हणजे काहीच न भरल्यासारखं. तिने नाही नाही ते आकडे टाकून पाहिले होते. शून्य नाही. वर्ग निरक्षरांसाठी, आणि निरक्षर बाई काय लिहील हे तिच्या डोक्यातच आलं नव्हतं. जिने दर वर्षी तिचं दप्तर शिवलं, ती आत्यासुद्धा तिला आठवली नव्हती.

ओळ दुरुस्त करायला पाच मिनिटंही लागली नाहीत. मग तिने यादी उघडली. एकेचाळीस बायका. शून्य एकीचंही नाही. नाकारलेलं काही ग्रंथालयापर्यंत पोचतच नव्हतं, मग दिसणार कुठून? चौदा जणींनी मात्र 'एक' लिहिलं होतं. त्यातल्या खरंच वर्षभर शाळेत गेलेल्या किती?

"मी सगळ्यांना फोन करून विचारते," ती पुटपुटली. आत्याकडे बघण्याची तिची छाती होत नव्हती.

"फोनवर कोण कबूल करेल? मीही तुला तीनच सांगितलं असतं." आत्याने कोट मशीनवर टाकला. "पत्ते आहेत ना?"

"आहेत."

"मग ऊठ. बसून काय होणार?"

त्या चौदांतलं पहिलं दार मागच्याच गल्लीत. भाजी निवडता निवडता उठलेल्या एका बाईने ते अर्धवट उघडलं. आत्याला ओळखून तिने ओठ दाबले; काल हसणाऱ्यांत तीही असावी.

"हो, चष्मेवाली मीच," आत्या म्हणाली. "मी शाळेची पायरी चढलेली नाही. फॉर्म शून्य घेईना, म्हणून तीन टाकलं. ही माझी भाची. फॉर्म हिने बनवलाय."

आत्याने भाचीला कोपराने ढोसलं.

"चूक माझी होती," ती कशीबशी म्हणाली. "तुमची नव्हती."

बाईने दार पूर्ण उघडलं. मग म्हणाली, "मी तीनदा शून्य टाकलं होतं. तीनदा! माझ्या सुनेसमोर."

आत्याने विचारलं, "सोमवारी मी पहिल्या गटात बसतेय. तू येतेस?"